आमची असुरक्षितता मोजायला दिवाळीनंतर येऊ नका

प्रति,
गावांची हवामानविषयक असुरक्षितता मोजणारे आणि त्यावरून आराखडे आखणारे सरकारी अधिकारी, अभ्यासक आणि संस्थांचे कार्यकर्ते

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या कडेला एका जिल्हा परिषद शाळेत मी वीसेक वर्षं शिकवलं. आता निवृत्त आहे. थोडं मुरमाड रान आहे, त्यात तूर-बाजरी होते, साधलं तर सोयाबीन. गावात सर्वेक्षणाची गाडी आली की सरपंच मला निरोप धाडतात. एक तर कुणाचं घर कुठं ते मला माहीत, आणि दुसरं म्हणजे तुमच्या फॉर्ममधलं मराठी गावाला मराठीत सांगायला कुणीतरी लागतं. ‘अनुकूलन क्षमता’ या शब्दाचा अर्थ मी दर खेपेला वेगळा सांगतो. अजून एकही धड जमलेला नाही.

गेल्या खेपेचं पथक डिसेंबरात आलं. पोरंपोरी तरुण, मनमिळाऊ, कामाला चोख. मारुतीच्या पारावर त्यांनी गावाचा नकाशा काढायला घेतला. निळी रांगोळी ओढ्याला, हिरवी शेताला, विटकरी घरांना. पंधरा-वीस माणसं जमली, त्यात बायका चार. गावठाण झालं, शाळा झाली, सोसायटी झाली, बागायतदारांची शेततळी तर चौकोनी-चौकोनी इतकी नेमकी निघाली की बघत राहावं. ओढ्यापलीकडची वस्ती मात्र रांगोळीत आलीच नाही. आठ-दहा घरं, सगळी ऊसतोडीला गेलेली. मी म्हटलं, तिकडंही घरं आहेत. एकानं चिमूटभर विटकरी रांगोळी तिथं टाकली, एकच ठिपका.

दुपारी घरोघर माहिती घ्यायला निघालो तेव्हा मी हट्टानं त्यांना ओढ्यापलीकडं नेलं. घरांना कुलपं. एका दारात म्हातारी बसलेली, दोन नातवंडं मांडीशी. पथकातल्या ताईंनी विचारलं, “आजी, घरात किती जण?” म्हातारी म्हणाली, “लेक-सून गेली कारखान्यावर. म्या नुसती राखण. माझं काय लिहिता?” ताईंनी टॅबमध्ये तिघं लिहिली. बाकीच्या घरांपुढं टॅबमध्ये ‘घर बंद’ असं बटण होतं. ते दाबलं की शेजारचं पर्यायी घर घ्यायचं. शेजारचं म्हणजे ओढ्याअलीकडचं, जिथं माणसं होती, विहीर होती, दोन म्हशी होत्या. नियमानं ते बरोबरच. पण गावातली सगळ्यात उघड्यावर पडलेली घरं एका बटणासरशी गळाली आणि त्यांच्या जागी त्यातल्या त्यात सावरलेली घरं आली. गावाला शेरा काय मिळाला? ‘मध्यम असुरक्षित’.

या पत्रात मला सांगायचं आहे ते एवढंच: ज्यांच्यासाठी मोजणी करायची, तेच मोजणीच्या दिवशी गावात नसतात. आणि ते नसताना गावाच्या ओढ्या-माळाचं काय करायचं ते ठरतं.

आमच्याकडे कोयता दसरा-दिवाळीच्या सुमारास जातो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हिशेबात ती दोन माणसं एकच धरतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असते. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, जिकडं कारखान्याचा ट्रॅक्टर नेईल तिकडं पाच-सहा महिने, आणि गुढीपाडव्याच्या पुढंमागं परत. तुमचं वर्ष मार्चला संपतं, निधी डिसेंबरात मोकळा होतो, पावसाळ्यात रस्ते नीट नसतात, म्हणून सर्वेक्षण नेमकं हिवाळ्यात येतं. यात कुणाचा दुष्टावा नाही हे मला कळतं. पण कॅलेंडर कुणाच्या सोयीचं आहे, त्यावर उत्तर ठरतं.

आता तुमच्या शास्त्राबद्दल. मी भूगोल शिकवायचो, म्हणून वाचत असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरशासकीय हवामान समितीनं (आयपीसीसी) २००७ च्या अहवालात असुरक्षिततेच्या व्याख्येत तीन गोष्टी धरल्या होत्या: हवामानाचा मारा किती, तो किती लागतो, आणि सावरायची ताकद किती. २०१४ च्या अहवालात त्यांनी मांडणी बदलली. संकट वेगळं काढलं, त्याच्या तोंडी कोण-काय आहे ते वेगळं, आणि असुरक्षितता म्हणजे आतली कमजोरी, असं केलं. पोरांना मी असं सांगायचो: गारपीट हे संकट. तू रानात उभा आहेस, म्हणजे तिच्या तोंडी आहेस. डोक्यावर फाटकं पोतं आहे की पत्रा, ती तुझी असुरक्षितता. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यात गारा पडल्या तेव्हा हे कुणाला शिकवावं लागलं नाही.

ही मांडणी मला पटते. कारण गारा थांबवणं कुणाच्या हातात नाही, पोतं बदलणं आहे. अडचण पुढं येते, पोतं कुणाचं बघायचं ते ठरवताना.

हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनं २०१९ साली देशातल्या ५७३ ग्रामीण जिल्ह्यांची जोखीम तपासली. १०९ जिल्हे अतिजोखमीचे निघाले, २०१ जोखमीचे. जिल्ह्यांची तुलना करायला ते ठीक. २०२१ साली केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा अहवाल आला, त्यात सगळ्या राज्यांना एकाच मापानं मोजलं होतं. झारखंड सगळ्यात असुरक्षितांत, आणि महाराष्ट्र देशात सगळ्यात कमी असुरक्षित. हे वाचलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. ज्या राज्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, २०१८ साली १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, ते राज्य यादीच्या सुरक्षित टोकाला! आकडे खोटे नव्हते. पण सरासरी ही अशी गोष्ट आहे की तिच्यात मुंबई-पुण्याच्या सावलीत आमच्या जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याचं ऊन दिसत नाही.

त्या अहवालातलं एक माप मला अजून सलतं. एकूण कामकऱ्यांत बायकांचा वाटा जितका जास्त, तितकं ते राज्य कमी असुरक्षित, असं त्यात धरलं आहे. तर्क सरळ आहे, बाईच्या हातात पैसा आला की घर सावरतं. पण आमच्या बायका कामावर जातात त्या कशा? पहाटे फडात, डोक्यावर मोळी, खाडा केला तर दंड. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय बीडवरूनच राज्यभर गेला आणि सरकारला समिती नेमावी लागली. दुखणं घेऊन खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण होतं. जी गोष्ट असुरक्षिततेचं लक्षण आहे ती तुमच्या तक्त्यात ताकद म्हणून जमेला लागते, तेव्हा मास्तर म्हणून मला लाल पेन हातात घ्यावासा वाटतो.

तसंच शेततळ्यांचं. शेततळी जास्त म्हणजे गाव जुळवून घ्यायला तयार, असं कितीतरी फॉर्मांत धरतात. आमच्याकडची बरीच शेततळी प्लास्टिक अंथरलेली आहेत आणि ती पावसानं भरत नाहीत, बोअरनं भरतात. म्हणजे खालचं सगळ्यांचं पाणी वर काढायचं, एकाच्या सातबारावर साठवायचं आणि वैशाखाच्या उन्हाला निम्मं पाजायचं. ज्याचं तळं, त्याची मोसंबी तरते हे खरं. पण शेजारच्या आडात पोहरा टाकणारी बाई दरवर्षी दोराला गाठ मारून तो वाढवते. दोर किती हात लागतो हे कुठल्या फॉर्मात विचारलेलं मी पाहिलं नाही. वस्तीवरच्या कुठल्याही बाईला विचारा, कोणत्या महिन्यात किती हात, ती बोटांवर सांगेल. तुमच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींशेजारी तो आकडा ठेवून बघा.

चांगलं झालं ते चांगलं म्हणायला हवं. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, आमच्याकडे सगळे ज्याला ‘पोकरा’ म्हणतात त्यात, गावं निवडताना असुरक्षिततेचा निर्देशांक लावला आणि आयआयटी मुंबईनं बसवलेल्या पद्धतीनं गावागावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला. पाऊस किती पडला, मातीनं किती धरला, पिकानं किती घेतला, वाहून किती गेला, हे गावाच्या भाषेत येणं ही मोठीच गोष्ट. हिवरे बाजारात तर पाऊसमान बघून दरसाल पाण्याचा हिशेब होतो, त्यावरून पिकं ठरतात आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. संगमनेर-अकोले भागात काम केलेल्या ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) संस्थेनं गावकऱ्यांबरोबर बसून असुरक्षितता तपासायची एक पद्धत बनवली आहे. तिच्यात निसर्ग, पैसा, माणूसबळ, बांधलेल्या सोयी आणि आपसातले संबंध अशी पाच भांडवलं तपासतात. म्हणजे रस्ता माहीत नाही असं नाही. मात्र पाण्याचा ताळेबंद म्हणजे पाण्याच्या वाटपाचा ताळेबंद नव्हे. गावात पाणी किती हे कळतं, ते कुणाच्या पाइपातून गेलं ते कळत नाही.

माझ्याकडे एक निर्देशांक आहे. शाळेचं हजेरीपत्रक. दिवाळीच्या सुट्टीनंतर पट तोच, पण वर्ग अर्धा. कोण कधी गेलं, कधी परतलं, कोण हंगामी वसतिगृहामुळं आजीजवळ राहिलं, तारखेनिशी लिहिलेलं आहे. दुष्काळाच्या साली जास्त पोरं गेली, हे कुणीही सांगेल. मला रजिस्टर चाळताना दुसरंच दिसलं. २०१५ च्या दुष्काळात जी घरं पहिल्यांदा कोयत्याला गेली, त्यांतली बरीचशी २०१६ चा पाऊस चांगला होऊनही दिवाळीनंतर पुन्हा गेली. का? उचल फिटली नव्हती. एक कोरडं साल आलं आणि घर कोयत्याला बांधलं गेलं. पुढचा ओला पाऊस त्यांना सोडवू शकला नाही. पर्जन्यमानाच्या आलेखात २०१६ ला गाव सावरलेलं दिसतं. हजेरीपत्रकात नाही. हे रजिस्टर प्रत्येक शाळेत आहे, फुकट आहे, आणि अजून तरी कुणा सर्वेक्षकानं मला ते मागितलेलं नाही.

आता ‘निसर्गाधारित उपाय’ हा शब्द नवा आला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेनं २०२२ साली त्याची व्याख्या केली, त्यात निसर्ग राखणं आणि माणसाचं भलं ही दोन्ही एकत्रच धरली आहेत. शब्द चांगला आहे. सिमेंट ओतण्यापेक्षा माती, गवत, झाड, ओढा यांच्याकडून काम करून घ्यावं, हे आमच्या आज्यालाही पटलं असतं. पण हा शब्द गावात उतरतो तो कुठं? गायरानावर. कारण तिथं भांडायला सातबारावाला कुणी नसतो.

तुमच्या नकाशात गायरान ‘पडीक’ रंगानं दाखवलेलं असतं. आमच्या गावचं गायरान पडीक कधीच नव्हतं. पावसाळ्यात त्यावर पवना आणि मारवेल ही चाऱ्याची गवतं गुडघ्याएवढी होतात. एका धनगरानं मला सांगितलं होतं, पवना दिसला की माळ जिवंत समजायचा, नुसतं कुसळ उरलं की माळ थकला. असुरक्षिततेचं इतकं स्वस्त माप दुसरं नाही. त्या माळावर काही वर्षांपूर्वी मोठ्या उत्साहानं खड्डे घेऊन रोपं लावली. राज्यात २०१९ साली ३३ कोटी झाडांचं लक्ष्य होतं, त्या वाऱ्यातलाच हा प्रकार. चार बोटं माती, खाली मुरूम. रोपं पहिल्या उन्हाळ्यात वाळली. खड्ड्यांची माती वाहून ओढ्यात गेली. राखणीसाठी चराई बंद झाली होती, ती बंदी मात्र टिकली. कुणाची? ज्यांच्या दोन-चार शेळ्या हीच बँक आहे त्या बायकांची. शेळ्या विकल्या गेल्या. पुढच्या दसऱ्याला त्यातलं एक घर कोयत्याला गेलेलं मी पाहिलं. एकच घर, मान्य. पण अनुकूलनाच्या, म्हणजे हवामानाशी जुळवून घेण्याच्या, कामानं एक कुटुंब जास्त असुरक्षित झालं, हे लिहायला तुमच्या अहवालात रकानाच नाही.

गवत हेसुद्धा निसर्गच असतं. त्याच्या मुळ्या मुरमाला धरून ठेवतात, पाणी हळू करतात, आणि दुष्काळात जनावर तगवतात. माळाचे दोन-तीन तुकडे करून आळीपाळीनं बंद ठेवले, बंद तुकड्यातलं गवत कापून न्यायची मुभा दिली, पोटऱ्यात येण्याआधी चराई रोखली, तर आमच्याकडे पवना तीन पावसाळ्यांत परत येतो. पण हे ठरवायला मेंढरंवाला, शेळ्यावाली आणि माळावर दोन एकर कसणारा भूमिहीन बैठकीत लागतो. हा तिसरा तर सगळ्यांना अडचणीचाच वाटतो. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं सरकारचं धोरण झालं, काहींची नावं लागली, पुष्कळांची नाहीत. ही बहुतेक दलित कुटुंबं. तुम्ही ‘सामुदायिक जमिनीचं पुनरुज्जीवन’ असं लिहिता, तेव्हा त्यांना ‘तुम्ही उठा’ असं ऐकू येतं. ते बैठकीला का येत नाहीत, हे मग विचारू नका.

ओढ्याबद्दल थोडक्यात. आमचा काळा पाषाण पाणी धरत नाही. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात. जेसीबीनं ओढा खोल-खोल करत तो थरच कापला की काठच्या विहिरींचं पाणी ओढ्यात पाझरून पुढं निघून जातं. काठचे करंज-उंबर जातात ते वेगळंच. माथ्यावरच्या चरांपासून सुरुवात करून खाली यायचं, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण माथ्यावरचं काम फोटोत दिसत नाही, खोल केलेला ओढा पहिल्याच पावसात काठोकाठ भरलेला छान दिसतो.

आणि पाऊस आता नुसता दडी मारत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला, सिंदफणेला पूर आले ते सगळ्यांनी पाहिले. पिकाचं नुकसान पंचनाम्यात येतं. माती खरवडून गेली ते येतं, पण कमी. ज्याचं रान ओढ्याकाठी होतं त्याचं आता नुसतं गोटाड आहे, आणि गाळ त्याच्या खालच्या शेतकऱ्याकडं गेला. एकाच गावात, एकाच पावसानं. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर ६५ मिलिमीटरची रेघ ओलांडली की अतिवृष्टी. नाही ओलांडली तर, डोंगराच्या अलीकडं ढगफुटी झाली तरी, कागदावर सरी. त्यामुळं ‘गाव’ हे तुमचं सगळ्यात लहान एकक असेल, तर ते आमच्यासाठी फार मोठं आहे. वस्ती धरा. उतार धरा: माथ्याचं रान, मधलं, पायथ्याचं.

तुमच्याकडून काय हवं ते सांगायचं तर, दोनदा या. एकदा श्रावण-भाद्रपदात, उचल घ्यायच्या दिवसांत. कोण किती उचल घेतं, त्यावरून घर किती टेकीला आलं आहे ते कळेल. आणि दुसऱ्यांदा पाडव्यानंतर, माणसं परतली की, आडाचा दोर सगळ्यात लांब असतो तेव्हा. पारावरची बैठक जरूर घ्या, पण आराखडा तिथं मंजूर करू नका; तो वस्तीवर नेऊन परत वाचून दाखवा. माळावर काही करायचं असेल तर ‘यानं कुणाचं काय जाईल’ हा प्रश्न ‘यानं काय मिळेल’च्या आधी लिहा, आणि ज्याचं जाणार आहे त्याला त्या वर्षी काय देणार ते आराखड्यातच रुपयांत लिहा. शेळ्यांचा चारा, राखणीची मजुरी, काहीही. उचल घ्यायची वेळ टळली पाहिजे, एवढी ती रक्कम असावी.

निर्देशांक काढू नका असं मी म्हणत नाही. आकडा नसता तर आमच्या भागाकडं पैसा वळला नसता, हे मी जाणतो. फक्त आकड्याखाली एक ओळ असावी: मोजणीच्या दिवशी किती घरं बंद होती.

येण्याआधी दोन दिवस कळवा. वस्तीवरची बैठक रात्री आठनंतर ठेवू, दिवसा बायका रानात असतात. हजेरीपत्रकं मुख्याध्यापकांना सांगून काढून ठेवतो. पोरांची नावं झाकायची, एवढी एकच अट.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
जि. बीड

ता. क. – टॅबमधलं ‘घर बंद’ हे बटण काढू नका. ते दाबल्यावर पुढं आणखी एक प्रश्न येऊ द्या: कधीपासून बंद, आणि माणसं कुठं गेली? शेजारच्याला विचारलं तर तो कारखान्याच्या नावासकट सांगतो.